एका आवाजाची तीन निदाने : विश्वासू गॅरेज कसे ओळखावे?

सिंहगडपायथा

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१६ साली घेतलेली पेट्रोलवरची छोटी गाडी आहे. ती ७४,००० किलोमीटर चालली असून वॉरंटी संपून बरीच वर्षे झाली आहेत. गेल्या दोन महिन्यांपासून पुढच्या डाव्या चाकाकडून खट्‌खट् असा आवाज येतो. धायरीच्या आतल्या उखडलेल्या रस्त्यांवर तो फार येतो, पण सातारा रस्त्यावर ऐंशीच्या वेगाने गेले तरी जवळजवळ ऐकू येत नाही.

या आवाजासाठी मी तीन ठिकाणी गेलो. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधल्या सल्लागाराने गाडी लिफ्टवर घेण्याआधीच दोन्ही शॉकॲब्सॉर्बर आणि दोन्ही लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे) बदलावे लागतील असे सांगून ३४,००० रुपयांचे एस्टिमेट हातात ठेवले. सर्व कंपन्यांच्या गाड्या घेणाऱ्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये स्टिअरिंग रॅक गेली आहे असे सांगण्यात आले. घराजवळच्या गॅरेजमधील मिस्त्रींनी एक फेरी मारून 'सस्पेन्शनचे सगळेच नवीन टाकून घ्या, म्हणजे पुन्हा बघायला नको' असा सल्ला दिला. तिघेही अगदी ठामपणे बोलत होते, आणि तिघांपैकी कोणीही गाडीखाली जाऊन मला काही दाखवले नाही.

खर्चापेक्षाही मला दुसरीच काळजी वाटते. यांपैकी कोणाचे ऐकून चुकीचा भाग बदलला, तर पैसे जातीलच, पण खरा दोष गाडीत तसाच राहील. आम्ही दर महिन्याला आईवडिलांना भेटायला ताम्हिणी घाटातून माणगावला जातो आणि मागच्या सीटवर दोन लहान मुले असतात.

माझी विनंती अशी आहे की आपण केवळ गॅरेजांची नावे सुचवू नयेत. ज्याला यंत्रातले काही कळत नाही अशा माणसाने पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीत गॅरेजची पारख कशी करावी, हे अनुभवाने सांगावे.

पाऊसवेडा

माझा साधा मार्ग असा आहे की टुरिस्ट गाड्या चालवणारे लोक जिथे जातात तिथे आपणही जावे. त्यांचे पोट गाडीवर असल्यामुळे ते वाईट गॅरेजमध्ये दुसऱ्यांदा पाऊल ठेवत नाहीत. नकाशावरच्या ताऱ्यांपेक्षा मला त्यांचे मत अधिक भरवशाचे वाटते.

निवृत्त फोरमन

पाऊसवेडा यांच्या मताबद्दल आदर ठेवूनही मी पूर्णपणे सहमत होऊ शकत नाही. टुरिस्ट गाडीवाल्याला आपली गाडी चार तासांत परत रस्त्यावर हवी असते. त्यामुळे त्याच्या गॅरेजला झटपट भाग बदलण्याची सवय लागलेली असते, आणि दोष शोधत बसण्यासाठी लागणारा वेळ तिथे कोणाकडेच नसतो. अशी गॅरेजे प्रामाणिक असतात, परंतु सिंहगडपायथा यांची गरज वेगळी आहे.

मी एसटी महामंडळात विभागीय कार्यशाळेत आणि नंतर दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत मिळून एकतीस वर्षे काम केले. आमच्याकडे एक गोष्ट फार चांगली होती. चालकाने दोष लिहून द्यायचा, मेकॅनिकने तो शोधायचा आणि भाग भांडारातून यायचा. ज्याने दोष शोधला त्याला भाग बदलल्याने एक पैसाही जास्त मिळत नसे. म्हणून माणूस आधी डोके चालवत असे आणि मग पाना.

आता आपल्या आवाजाकडे वळतो. गाडी न पाहता निदान करणे योग्य नाही, म्हणून मी निदान करत नाही. मात्र जाणकार माणूस आपल्याला कोणते प्रश्न विचारील ते सांगतो. पहिला प्रश्न असा की गतिरोधकावर पुढची दोन्ही चाके एकदम चढतात तेव्हा आवाज जास्त येतो, की एकच चाक खड्ड्यात जाते तेव्हा? स्टॅबिलायझर बार दोन चाकांना जोडतो आणि दोन्ही चाके सारखीच वरखाली झाली तर त्याच्यावर ताण येत नाही. म्हणून त्याला चाकाकडच्या भागाशी जोडणारी छोटी दांडी, म्हणजे लिंक रॉड, सैल झाली असेल तर गतिरोधकावर गाडी बहुधा शांत राहते आणि उखडलेल्या रस्त्यावर कमी वेगातही वाजते. दुसरा प्रश्न असा की ब्रेक दाबताना किंवा सोडताना एकदाच 'धप्' असे काही जाणवते का? तसे असेल तर लोअर आर्मच्या बुशकडे, म्हणजे त्याच्या सांध्यातल्या रबरी भागाकडे, संशय जातो. तिसरा प्रश्न, गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवले तर वरच्या बाजूने, म्हणजे शॉकॲब्सॉर्बरच्या माउंटिंगकडून, कुरकुर किंवा टणत्कार येतो का? स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू पुढे घेतली की कट्‌कट् असे लयीत वाजत असेल तर ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट पाहावा लागतो, आणि वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर असेल तर व्हील बेअरिंग.

हे प्रश्न विचारायला पाच मिनिटेही लागत नाहीत. ज्या तीन ठिकाणी आपण गेलात, तिथे यांपैकी एकही प्रश्न विचारला गेला का, हे आठवून पाहावे.

पारख करण्यासाठी आणखी एक खूण सांगतो. लोअर आर्म बसवल्यानंतर त्याच्या बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे असतात ते गाडीचे वजन चाकांवर आल्यावर. गाडी जॅकवर लटकत असताना ते आवळले, तर गाडी खाली येताच बुशमधले रबर पिळलेल्या अवस्थेत राहते आणि नवीन बुश काही महिन्यांतच फाटतो. आपण मिस्त्रींना सहज विचारावे की हे बोल्ट केव्हा आवळता. ज्याने हे काम समजून केले आहे तो क्षणात उत्तर देतो, आणि बहुतेक वेळा आनंदाने देतो.

सिंहगडपायथा

फोरमनसाहेब, मनापासून आभार. तिन्ही ठिकाणी यांपैकी एकही प्रश्न विचारला गेला नव्हता. आज सकाळी मी मुद्दाम तपासून पाहिले. गतिरोधकावर आवाज जवळजवळ येत नाही, एकच चाक खड्ड्यात गेले की नक्की येतो आणि ब्रेक दाबताना काहीच जाणवत नाही.

उद्यमनगर

मी कोल्हापुरात गेली एकोणीस वर्षे गॅरेज चालवतो. त्यामुळे या चर्चेत मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, आणि तरीही मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण हा प्रश्न फक्त मिस्त्रीच्या हेतूचा नाही.

माझ्याकडे गाडी येते तेव्हा ग्राहक विचारतो, 'काय झाले आहे ते बघा आणि किती खर्च येईल ते सांगा.' या बघण्यासाठी मला कधी दहा मिनिटे लागतात, तर कधी तीन तास. इंजिन मिसिंग करत असेल, म्हणजे अडखळत चालत असेल, तर स्कॅनर लावून पी०३०० हा कोड मिळतो, पण तो एवढेच सांगतो की एकाहून अधिक सिलिंडरमध्ये किंवा अनियमितपणे ज्वलन चुकते आहे. ते प्लगमुळे, प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइलमुळे, इंजेक्टरमुळे, की कुठून तरी हवा ओढली जात असल्यामुळे, हे कोडमध्ये लिहिलेले नसते. ते शोधावे लागते. कॉइलची अदलाबदल करून दोष तिच्याबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर जातो का ते पाहावे लागते, कॉम्प्रेशन मोजावे लागते, ट्रायल घ्यावी लागते. तीन तासांनी मी सांगितले की एका रबरी नळीला चीर गेली आहे आणि ती दीडशे रुपयांना मिळते, तर ग्राहक दीडशे रुपये आणि वर शंभर रुपये मजुरी द्यायला तयार असतो. त्या तीन तासांचे पैसे मागितले तर 'नुसते बघायचे कसले पैसे?' असे ऐकावे लागते.

आता त्याच जागी एखाद्याने दोष न शोधता चार कॉइल आणि चार प्लग बदलले, तर त्याला भागांवर कमिशन मिळते, मजुरी मिळते आणि अर्ध्या तासात गाडी बाहेर जाते. आवाज किंवा मिसिंग राहिलेच तर पुढचा भाग बदलायला तो मोकळा असतो. आपली पद्धतच अशी आहे की शोधणाऱ्याला काही मिळत नाही आणि बदलणाऱ्याला मिळते. मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये सल्लागाराला दर महिन्याला ठरावीक विक्रीचे उद्दिष्ट असते, म्हणून प्रत्येक सर्व्हिसला इंजिन फ्लश, एसीचे निर्जंतुकीकरण आणि गाडीखालचे कोटिंग यांचा आग्रह होतो. तो मुलगाही मनाने वाईट नसतो.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की गॅरेजमध्ये पाऊल ठेवताच सांगावे : 'दोष शोधण्याची मजुरी मी वेगळी देईन. काम तुमच्याकडे केले किंवा नाही केले तरी देईन. मात्र दोष सापडला की तो मला डोळ्यांनी दाखवावा.' या एका वाक्याने माझ्यासारख्या माणसाचा सगळा दृष्टिकोन बदलतो, कारण आता मला भाग विकून आपल्याकडून तो वेळ वसूल करावा लागत नाही. जो हे ऐकूनही गाडी न उचलता भागांची यादी सांगू लागेल, त्याच्याकडून नम्रपणे परत फिरावे.

भागांबद्दलही थोडे लिहितो. शॉकॲब्सॉर्बर किंवा क्लच प्लेट गाडीची कंपनी बहुधा स्वतः तयार करत नाही. गॅब्रिएल, राणे, बॉश यांसारखे उत्पादक असे वेगवेगळे भाग पुरवतात आणि त्यांतले अनेक भाग स्वतःच्या नावाच्या खोक्यातही विकतात. ते अनेकदा स्वस्त पडतात आणि दर्जाला उत्तम असतात. खरी भीती डुप्लिकेट मालाची आहे, विशेषतः ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड आणि इंजिन ऑइल यांच्या बाबतीत. खोके आपल्यासमोर फोडायला सांगावे, त्यावरची छापील किंमत आणि उत्पादनाची तारीख पाहावी आणि काढलेला जुना भाग परत मागावा. जुना भाग घरी नेऊन ठेवण्याची गरज नाही. पण आपण मागणार आहात हे काम सुरू होण्यापूर्वी माहीत असले, की न बदललेला भाग बिलात येण्याची शक्यता फारच कमी होते.

ग्राहकाने स्वतः पुण्याच्या नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारातून भाग आणून दिला तर मी तो बसवतो, परंतु त्या भागाची हमी देत नाही. यात राग मानू नये. भाग आणि मजुरी दोन्ही एकाच्या हातात असतील तरच जबाबदारीही एकाची राहते.

गोदाकाठ

मी नाशिकमध्ये वकिली करते आणि ग्राहक आयोगापुढे गॅरेजविषयीची काही प्रकरणे चालवली आहेत. उद्यमनगर यांनी लिहिलेले वाचून समाधान वाटले, कारण माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेक तक्रारींचे मूळ हेच असते की काय करायचे ठरले होते याचा कागदच नसतो.

गाडी देताना जॉब कार्डवर 'जनरल चेकअप' असे लिहू देऊ नये. 'पुढच्या डाव्या बाजूने खराब रस्त्यावर कमी वेगात आवाज येतो, तो शोधणे' असे आपल्या शब्दांत लिहून घ्यावे. त्यावर किलोमीटरची नोंद असावी आणि 'ठरलेल्या कामापेक्षा जास्त खर्च फोनवर विचारल्याशिवाय करू नये' हे वाक्य असावे. फोनवर होकार दिला तरी लगेच एक संदेश पाठवून ठेवावा.

बिलाच्या बाबतीत अनेकांचा एक गैरसमज असतो. वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या छोट्या गॅरेजला सर्वसाधारणपणे जीएसटीची नोंदणी बंधनकारक नसते. त्यामुळे जीएसटी नसलेले बिल म्हणजे लबाडीच, असे समजू नये. मात्र नोंदणी नसताना कोणी जीएसटी आकारत असेल तर ते बेकायदेशीर आहे. तारीख, गाडीचा क्रमांक, भागाचे नाव आणि सही असलेले साधे बिल प्रत्येकाने दिलेच पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के कर आहे. त्यापूर्वी बहुतेक भागांवर तो २८ टक्के होता, म्हणून जुन्या बिलाशी तुलना करताना हा फरक लक्षात घ्यावा.

वाद झालाच तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. भारतीय करार अधिनियमाच्या कलम १७० नुसार गॅरेजने ठरल्याप्रमाणे काम पूर्ण केले असेल, तर मजुरी मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवण्याचा हक्क त्याला आहे. अशा वेळी हमरीतुमरीवर न येता पैसे भरावेत, बिलावर 'हरकत नोंदवून रक्कम भरली' असे लिहावे, त्याची प्रत घ्यावी आणि गाडी सोडवून आणावी. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. तेवढ्याने प्रश्न सुटला नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. गॅरेजला दिलेली मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही. माझ्या अशिलांपैकी एका शिक्षिकेला दुसऱ्या गॅरेजकडून लिहून घेतलेल्या तपासणी अहवालाचा फार उपयोग झाला. बिलात लिहिलेला क्लच बदललाच गेलेला नाही, हे त्या अहवालामुळेच सिद्ध झाले.

एक गोष्ट स्त्रिया म्हणून आम्हाला जास्त भोगावी लागते, तीही लिहिते. प्रश्न मी विचारते आणि उत्तर माझ्याबरोबर आलेल्या भावाकडे पाहून दिले जाते. जे गॅरेज गाडी चालवणाऱ्या व्यक्तीशी बोलत नाही, त्याला दोषाची खरी लक्षणे कधीच कळणार नाहीत, म्हणून मी तिथून निघून येते.

नेकारकाठ

मी जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतो. फोरमनसाहेबांनी एसटीबद्दल जे लिहिले त्याच्याशी जुळणारी व्यवस्था इथे खासगी गाड्यांसाठी आहे. नवीन गाडीची तीन वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी होते, आणि ती ट्यूफ किंवा डेक्रा यांसारख्या संस्था करतात. तपासणारी संस्था दुरुस्तीच्या व्यवसायात नसते. तिचा लेखी अहवाल हातात घेऊन मी गॅरेजमध्ये जातो, त्यामुळे काय बिघडले आहे यावर वाद होत नाही, फक्त दरावर बोलणे होते. सुट्टीत साताऱ्याला आलो की वडिलांच्या गाडीसाठी मी हेच घरगुती पद्धतीने करतो. एका ठिकाणी पैसे देऊन फक्त तपासणी करून घेतो आणि काम दुसरीकडे देतो.

हिंजवडी फेज दोन

सर्वांचे मुद्दे पटतात, तरीही अधिकृत सर्व्हिस सेंटर सरसकट मोडीत काढू नये असे मला वाटते. एअरबॅगचा दिवा लागला असेल, कंपनीने एखादा भाग मोफत बदलण्यासाठी गाड्या परत बोलावल्या असतील किंवा इंजिनच्या संगणकाचे सॉफ्टवेअर बदलायचे असेल, तर तिथेच जावे लागते.

मात्र 'बाहेर एकदा जरी काम केले तरी सगळी वॉरंटी रद्द होते' ही भीती अकारण घातली जाते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा कार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात अशा सरसकट अटीला स्पष्ट विरोध केला होता. बाहेरच्या सदोष कामामुळे जे नुकसान झाले असेल, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, अशी त्यामागची भूमिका होती. प्रकरण पुढे अपिलांत गेले, त्यामुळे नवीन गाडी असणाऱ्यांनी आपल्या वॉरंटीच्या पुस्तिकेतील शब्द नीट वाचावेत आणि बाहेर केलेल्या प्रत्येक कामाचे बिल जपून ठेवावे.

सिंहगडपायथा

दहा दिवसांनी लिहितो आहे. उद्यमनगर यांनी सुचवलेले वाक्य पाठ करून मी दोन गॅरेजांत गेलो. पहिल्या ठिकाणी मालकांनी 'तपासणी फुकट असते, गाडी सोडून जा' असे सांगितले, तेव्हा मी आभार मानून परत आलो. दुसरे गॅरेज शंकरशेठ रस्त्यामागच्या एका बोळात आहे. तिथल्या मिस्त्रींनी पाचशे रुपये सांगितले आणि मला शेजारी बसवून स्वतः गाडी चालवायला घेतली. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला तो दोन्ही चाकांचा की एका चाकाचा, हा. तो ऐकून मला फोरमनसाहेबांची आठवण आली.

परत आल्यावर गाडी लिफ्टवर घेतली आणि मला खाली बोलावले. डाव्या लिंक रॉडचे वरचे रबरी आवरण फाटले होते आणि तो सांधा हाताने हलवला तरी खुळखुळत होता. तरीही त्यांनी लगेच भाग मागवला नाही. दोन्ही लिंक रॉड सोडवून बाजूला बांधल्या आणि त्याच खराब रस्त्यावर अगदी हळू एक फेरी मारली. आवाज पूर्णपणे थांबला होता. दोन महिन्यांत पहिल्यांदाच गाडी शांत चालताना ऐकली आणि मला खरोखर भरून आले.

दोन्ही बाजूंच्या लिंक रॉडचे १,७०० रुपये, मजुरी ६०० आणि तपासणीचे ५००, असे एकूण २,८०० रुपयांचे बिल झाले. मी स्वतःहून व्हील अलाइनमेंट करायचे का असे विचारले. 'लिंक रॉडने चाकाचा कोन बदलत नाही, टाय रॉड किंवा शॉकॲब्सॉर्बर काढला असता तर करायला सांगितले असते,' असे ते म्हणाले. चारशे रुपयांचे काम त्यांनी सहज घेतले असते आणि मला कधी कळलेही नसते. लोअर आर्मच्या बुशना बारीक भेगा आहेत, त्या मला टॉर्चने दाखवून त्यांनी पुढच्या वर्षी पुन्हा पाहू असे बिलावर लिहून दिले.

ब्रेक पॅड पाच मिलिमीटर शिल्लक आहेत असे मोजून सांगितले आहे. ब्रेक ऑइल मात्र शेवटचे केव्हा बदलले हे मला सांगता आले नाही. यावर फोरमनसाहेबांचे मत हवे आहे.

निवृत्त फोरमन

आवाजाचे कारण सापडले याचा फार आनंद झाला. लिंक रॉड सोडून फेरी मारणारा मिस्त्री आपल्याला मिळाला आहे, त्याला सोडू नका.

तीन मिलिमीटरपर्यंत पॅड चालतात, म्हणून आज ते बदलण्याची गरज नाही. ब्रेक ऑइल बदलणे मात्र लांबवू नये. ते हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो आणि ओलावा मुरला की तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. ताम्हिणीच्या लांब उतारावर सतत ब्रेक दाबला तर ब्रेक इतके तापू शकतात की ऑइलची वाफ होते आणि पेडल अचानक मऊ पडते. साधारण दोन वर्षांनी ते बदलावे. नोंद नसेल तर जुने झाले आहे असेच धरावे आणि माणगावला जाण्यापूर्वी बदलून घ्यावे. कोणत्या प्रकारचे ऑइल लागते ते टाकीच्या झाकणावर छापलेले असते, आणि डबा सीलबंद असलेला पाहूनच तो उघडू द्यावा.

सिंहगडपायथा

झाकणावर डॉट ४ असेच लिहिलेले आहे. शनिवारी सकाळी साडेनऊची वेळ घेतली आहे. मिस्त्रींनी चारही चाकांवरून जुने ऑइल काढायचे असल्यामुळे दीड तास लागेल असे सांगितले असून, शेजारी थांबून पाहायचे असेल तर अवश्य यावे, असे त्यांनी स्वतःहून सुचवले.